चारही बंद

संकल्प शुक्रवारी गुडगावहून आला, तो बापाचं वेड छापूनच घेऊन आला. सहा पानं होती, इंटरनेटवरून काढलेली, कोपऱ्यात स्टेपल मारलेली. अकरा लक्षणांची यादी होती आणि त्यांतल्या आठांपुढे त्याने निळ्या पेनाने बरोबरच्या खुणा केल्या होत्या. सव्वीस जानेवारी शनिवार-रविवारला जोडून आली म्हणून भेटायला आलो, असं त्याने सांगितलं होतं. रविवारी सकाळी नऊ वाजता, बाबा पोर्चमध्ये गाडीखाली आहेत याची दोनदा खात्री करून, त्याने ती पानं ओट्यावर ठेवली, पोह्यांसाठी निवडलेल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीशेजारी.

"अकरापैकी आठ," तो म्हणाला.

"त्र्याहत्तर टक्के," अक्षदा म्हणाली. ती इथेच जयपूरला, मालवीय नगरात, दोन चौक सोडून राहायची आणि कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. टक्के तिच्या तोंडून आपोआप निघत.

"काय व, बापाचा पेपर तपासून राहिले का तुम्ही?" यमुना म्हणाली. तिने पानांकडे पाहिलं नाही. विळीवर तिचा हात मात्र जरा जोरात चालू लागला.

"आई, मी सीरियसली बोलतोय. ऐक. विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देणे. परवा मी म्हटलं, बाबा, इथे थंडी फार आहे. ते म्हणाले, दोन दिवसांत होईल. काय दोन दिवसांत होईल? पुढचं. टीव्हीचा आवाज बंद करून बघणे."

"आवाजानं बातमी बदलत नाही म्हणतात ते."

"पुढचं. लोकांमध्ये बसणं टाळणे. फोन टाळणे. आणि आई, झेंड्या. झेंड्यांचं काय?"

झेंड्यांचं उत्तर यमुनेकडे होतं. पण ते तिला द्यायचं नव्हतं. फुलेऱ्याच्या डिझेल शेडमधून फोरमन म्हणून निवृत्त होताना भगवानराव वानखडे शाल, घड्याळ आणि झेंड्यांची एक जोडी घेऊन घरी आले होते. शाल आणि घड्याळ कपाटात गेलं. झेंड्याही तिथेच होत्या. दोन वर्षांपूर्वी मात्र त्यांनी त्या बाहेर काढल्या आणि घराला नियम लावले. जेवण तयार झालं की स्वयंपाकघराच्या दाराला हिरवी. दारावर कुणी आलं की लाल. हाका मारायच्या नाहीत. "हाकेनं गोंधळ होतो," ते म्हणाले होते. "शेडमध्ये दोनशे माणसं होती, कधी कुणी हाक मारली नाही." शेडमध्ये दोनशे माणसं दिवसभर एकमेकांच्या नावाने बोंबलत असत, हे यमुनेने क्वार्टरच्या ओट्यावर बसून तीस वर्षं ऐकलं होतं. पण तिने लाल झेंडीला इस्त्री करून दिली.

कारण इतकंच होतं की भगवानरावांना ऐकू येत नव्हतं.

एकदम नव्हतं गेलं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची घंटा, मग नातीचं बोलणं, मग शेजारच्या विजयमालाजींचं बोलणं, आणि त्याचं तर कुणालाच वाईट वाटलं नसतं. रेल्वेची माणसं मुळात मोठ्यानेच बोलतात, त्यामुळे बोलणाऱ्याला ऐकू येत नाही हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तोंडाकडे बघून ते निम्मं ओळखत आणि उरलेल्या निम्म्यावर अधिकाराने मान डोलवत. अधिकाराने मान डोलवणाऱ्याला पुन्हा विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

या गोष्टीबद्दल नवरा-बायकोत एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं. फक्त एकदा, हात पुसता पुसता, भगवानराव आपणहून म्हणाले होते, "शेडमध्ये ज्याचा कान गेला, तो स्टोअरला गेला. नटबोल्ट मोजायला." आणि फडकं वाळत टाकून आत गेले होते. ज्या माणसाला अख्खं शेड 'कानवाले बाबूजी' म्हणायचं, ज्याने फलाटावर चहा पिता पिता निघालेल्या गाडीच्या इंजिनचा नुसता आवाज ऐकून ती थांबवायला लावली होती, त्याने हे सांगावं, यातच सगळं आलं. यमुनेने तेवढ्यावर शपथ घेतल्यासारखं तोंड मिटलं होतं.

आता पोरं म्हणत होती, बाप वेडा झाला.

"उद्या अकराला डॉक्टरची वेळ घेतलीय," संकल्प म्हणाला.

"कोणता डॉक्टर?"

"मतलब... डोक्याचा."

"आणि मग तुम्ही दोघं दादाकडे," अक्षदा म्हणाली. हे वाक्य आधी ठरलेलं होतं, हे तिच्या न थांबण्यावरून कळत होतं. "आई, मी इथे असून नसल्यासारखी आहे. सकाळी सहा ते रात्री आठ क्लास. मला रोज भीती वाटते की फोन येईल. गेल्या महिन्यात तर टोंक रोडवर..."

टोंक रोडची गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत होती. सिव्हिल लाइन्सकडे निघालेला कुणी मंत्री, पुढे पोलिसांची गाडी, तिचा भोंगा. भगवानरावांनी मधली लेन सोडली नाही. पाऊण किलोमीटर मंत्री त्यांच्या मागे पंचवीसच्या वेगाने आला. पोलिसांनी पावती फाडली, गल्लीने मात्र त्यांना हार घातला. आजकाल असं कोण उभं राहतं सत्तेसमोर, असं एका निवृत्त मास्तरांनी भाषणात सांगितलं. भगवानरावांना भोंगाही ऐकू आला नव्हता आणि भाषणही. दोन्हीकडे त्यांनी मान डोलावली होती.

"बारा मजल्यांची बिल्डिंग आहे आई, अकराव्यावर आपण. खाली गार्डन आहे, लिफ्ट आहे," संकल्प म्हणाला.

"अन् गाडी? लिफ्टमध्ये घेता का?"

दोघं भावंडं एकमेकांकडे बघू लागली. लहानपणी खिडकीची काच फुटायची तेव्हा बघत तशीच.

"गाडीसाठी कौशिकजी म्हणून आहेत एक," अक्षदा म्हणाली. "दहाला येतायत. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात त्यांचं वर्कशॉप आहे. जुनी डिझेल इंजिनं घेतात."

"घेऊन?"

"पाण्याच्या पंपाला लावतात. बाकीची बॉडी भंगारात."

"बाबांना काय सांगितलं?"

संकल्पने ओट्यावरची पानं सारखी केली. मग म्हणाला, "जुन्या डिझेल गाड्यांची आवड असलेले गृहस्थ बघायला येतायत, असं."

म्हणजे म्हणून त्यांनी सकाळी दाढी केली होती. यमुनेला वाटलं होतं, पोरगा आला म्हणून.

पोर्चमध्ये ती उभी होती. पांढरी अँबेसेडर, डिझेल. सरकारी लिलावात त्र्याण्णव साली घेतलेली. कुठल्याशा मोठ्या साहेबाने आपलं बूड दहा वर्षं टेकवून ती सरकारजमा केली होती. मागच्या काचेला पडद्याची दांडी अजून होती आणि टपावर, जिथे लाल दिवा होता, तिथे बुजवलेलं भोक. घेतल्यानंतर पहिल्याच उन्हाळ्यात भगवानरावांनी ती जयपूरहून थेट अकोल्याच्या पलीकडे गावी नेली. गावात शिरताना त्यांनी वेग कमी केला आणि चावडीसमोर, जिथून त्यांचे वडील पायातल्या चपला हातात घेऊन जात, तिथे गाडी उभी केली. उतरले, पानटपरीवर चहा घेतला, ओळखीच्यांशी बोलले. चाळीस मिनिटं. इंजिन मात्र बंद केलं नाही. आत बसलेली यमुना घामाने भिजली होती. नंतर त्यांनी कारण सांगितलं. सेल्फ तेव्हा कच्चा होता. "बंद केली असती अन् तिथे चालूच झाली नसती तर? धक्का मारा म्हणायचं कोणाला?"

त्या चाळीस मिनिटांनंतर त्या गाडीची देखभाल ही आवड राहिली नाही. दर रविवारी, पाऊस असो की लग्न, बॉनेट उघडायचं. तेल, पाणी, पट्टा, फिल्टर. आणि महिन्यातून एकदा सिलिंडरची तपासणी. तपासणीचा रिवाज साधा होता. यमुना ड्रायव्हरच्या जागेवर बसून हलकी रेस धरायची. भगवानराव बॉनेटखाली वाकून, चालत्या इंजिनवर, इंजेक्टरच्या नळीचा एकेक नट पान्याने अर्धा फेरा सैल करायचे. त्या सिलिंडरला जाणारं डिझेल बाहेर सांडलं की इंजिन लंगडायला हवं. लंगडलं तर सिलिंडर काम करत होता. नाहीच लंगडलं तर तो आधीपासूनच झोपलेला. सगळी परीक्षा कानाची.

कान गेले तेव्हा भगवानरावांनी परीक्षा सोडली नाही, पद्धत बदलली. बॉनेटखाली एक पिवळा बल्ब टांगला आणि त्याचं बटण स्टीअरिंगच्या खाली बसवलं. "आवाज पडला की दाबायचं. शेडमध्ये असाच नियम होता." नसणार, हे यमुनेला ठाऊक होतं. तिने बटण दाबून पाहिलं आणि म्हणाली, बरं. तेव्हापासून दोन वर्षं गाडी तिने ऐकली होती आणि निदान त्यांनी केलं होतं.

कौशिकजी बरोबर दहाला आले. पन्नाशीचे, माकडटोपी आणि विणलेला स्वेटर घातलेले, नखांत कायमचं काळं असलेले गृहस्थ. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी भगवानरावांना वाकून नमस्कार केला आणि यमुनेचा त्यांच्यावर राग धरण्याचा बेत तिथेच बिघडला.

"बाबूजी, बड़ी सँभाल के रखी है."

"चौदह साल," भगवानराव म्हणाले. आवड असलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, हे त्यांना माहीत होतं. ते खूश होते. दोन स्वेटरांवर त्यांनी शेडचा जुना निळा डगला चढवला होता. "सुनिए, पहले इसको सुनिए. यमुना!"

यमुना आत बसली. चावी डावीकडे धरून तीस आकडे मोजले. जानेवारीतल्या जयपूरच्या थंडीत हीटर लाल झाल्याशिवाय ही गाडी कुणाची ऐकत नसे. मग सेल्फ मारला. गाडीने खोकून, अंग झाडून, पोर्चभर पांढरा धूर सोडला आणि चालू झाली. खडखडत होती. चारांत तीन पावलं नीट आणि चौथं ओढत.

"एक सो रहा है," कौशिकजी अक्षदाजवळ पुटपुटले. अक्षदा कपाळाला आठ्या घालून इंजिनकडे बघत राहिली. सगळं सारखंच तर वाजत होतं.

यमुनेला मात्र पहिल्या दहा सेकंदांत कळलं होतं. तिसरा. गेल्या महिन्यापासून कुरकुरत होता, आज झोपला. तिने बटणावर बोट ठेवलं.

भगवानरावांनी सतराचा पाना घेतला, कौशिकजींना हाताने जवळ बोलावलं आणि बॉनेटखाली वाकले. तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"आई, ऊठ तू. मी बसतो," संकल्प म्हणाला. "गुडघे दुखतात ना तुझे."

"राहू दे. झालंच."

"आई, ऊठ. कौशिकजींना ऑइल प्रेशरचा काटा सांगायचाय." आणि आवाज खाली आणून, "काहून तू बाबांच्या या सगळ्यात सामील होतेस? तुझ्यामुळे वाढतं ते."

लहानपणी तो असाच हट्टाने पुढच्या सीटवर बसायचा. यमुना उठली, कारण न उठायचं तर का न उठायचं ते सांगावं लागलं असतं. उतरता उतरता तिने त्याचं मनगट धरलं. "हे बघ. हे बटण आहे. आवाज पडला, की दाब. नाही पडला, तर नको दाबू. एवढं कर फक्त."

संकल्पने बटणाकडे पाहिलं. त्याची वायर डॅशबोर्डखालून, काळ्या टेपने गुंडाळलेली, बॉनेटकडे गेली होती. मग त्याने आईकडे पाहिलं. त्या नजरेत बापासाठीची सगळी काळजी होती आणि वर तिच्यासाठी थोडी नवी.

"आई, तूसुद्धा?"

"अरे दाब फक्त, बाप्पा!"

"मी नाही यांच्या खेळात भाग घेणार," तो म्हणाला आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून ताठ बसला.

बॉनेटखालच्या माणसाला यातलं काही कळलं नाही. तो वाकलेला होता आणि त्याच्या जगात इंजिन केव्हाच बंद पडलं होतं. हाताला लागणारा थरथराट तेवढा उरला होता आणि तो काही सिलिंडर मोजून देत नाही.

त्याने पहिला नट सैल केला. डिझेल फसफसलं. इंजिन लंगडलं, इतकं की वर गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या विजयमालाजींनी खाली वाकून पाहिलं. भगवानरावांनी बल्बकडे पाहिलं. बल्ब लागला नाही.

"एक बंद," ते म्हणाले आणि नट आवळला.

दुसरा. इंजिन पुन्हा लंगडलं. बल्ब नाही.

"दो बंद." आवाज किंचित उतरला होता.

यमुना गाडीला वळसा घालून पुढे निघाली. पण पोर्चमध्ये तिच्या आणि त्यांच्या मध्ये कौशिकजी होते, अक्षदा होती, कुंड्या होत्या. आणि पोचून तरी काय करणार होती? खांद्याला हात लावून सांगणार, की तुमचा दिवा आज माझ्या हातात नाही? कुणासमोर?

"तीन बंद." हे तेवढं खरं होतं.

चौथा नट सैल करून भगवानराव बराच वेळ बल्बकडे बघत उभे राहिले. नखाने त्याला टिचकी मारली. वायर हलवून पाहिली. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, बल्ब उडाला. पण अडतीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला तसं वाटून घ्यायची मुभा नसते. विझलेला सिग्नल म्हणजे लाल, हे त्याला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं असतं आणि ते शंका घेण्यासाठी शिकवलेलं नसतं. त्यांनी नट आवळला, पाना फडक्यावर ठेवला, ताठ झाले आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतो तसं सांगितलं,

"चारही बंद."

चारांतल्या तीन सिलिंडरांवर इंजिन समोर धडधडत होतं. बॉनेटची कड थरथरत होती. मागे धुराने तुळस काळी पडत होती.

"बाबूजी," कौशिकजी अगदी हळुवारपणे म्हणाले, "चारों बंद हैं, तो फिर ये चल क्या रहा है?"

भगवानराव प्रसन्न हसले. "सब सर्विस का अनुभव है जी," ते म्हणाले. "अड़तीस साल."

कौशिकजींनी माकडटोपी काढली. मयताला गेल्यावर काढतात तशी.

संकल्प गाडीतून उतरला. आपलं म्हणणं सिद्ध झालेल्या माणसाचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला तो आकाशाकडे बघत होता, जिथे संक्रांतीतला एक पतंग तारेला अडकून अजून फडफडत होता.

"नऊ," तो अक्षदाला म्हणाला.

अक्षदाने टक्के काढले नाहीत. "दादा, उद्याचं अकराचं आजच होतं का बघ ना," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

यमुना एव्हाना भगवानरावांच्या उजव्या खांद्यापाशी पोचली होती. ते कौशिकजींकडे बघत होते, तिच्याकडे त्यांची पाठ होती. मध्ये एक वीतभर अंतर असेल. त्यांच्या डगल्याला डिझेलचा आणि दाढीच्या साबणाचा वास येत होता. स्टोअरला पाठवायचं की वेड्यांच्या डॉक्टरकडे, एवढंच तिला ठरवायचं होतं. त्यासाठी तिला दोन वर्षं मिळाली होती आणि ती तिने इस्त्री करण्यात घालवली होती.

"त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली.

मीठ दे म्हणावं, तेवढ्याच आवाजात. पोरांना ते ऐकू गेलं. कौशिकजींना गेलं. गच्चीवरच्या विजयमालाजींना मराठी येत नव्हती, म्हणून त्या आणखी वाकल्या. भगवानराव कौशिकजींकडे बघून मान डोलवत राहिले.

"काय?" संकल्प म्हणाला.

"बहिरे झालेत तुझे बाबा. दोन वर्षं झाली. वेडे नाहीत. तो दिवा म्हणजे त्यांचा कान होता अन् तू तो दाबला नाहीस." तिने बोलता बोलता भगवानरावांच्या पाठीकडे बोट दाखवलं. "बघ. मी इथे उभी राहून त्यांना बहिरे म्हणून राहिले. वळले का?"

ते वळले नाहीत. यादीतल्या नऊही खुणांना मग एकाच वेळी नवा अर्थ आला. थंडी, दोन दिवसांत होईल, मुका टीव्ही, फोन, झेंड्या, मंत्री. संकल्प मनातली एकेक खूण पुसताना तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होता. अक्षदा खाली कुंडीच्या कडेवरच बसली. "मी दोन चौकांवर राहते," ती म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही. "दोन चौकांवर."

माणसाला ऐकू येत नसलं तरी आपल्याबद्दल बोलणं झालेलं दिसतं. भगवानरावांनी पोराचा चेहरा पाहिला, पोरीचा पाहिला, कौशिकजींच्या हातातली टोपी पाहिली. मग हळूहळू वळून बायकोकडे पाहिलं.

"काय सांगितलंस त्यांना?"

यमुनेने आयुष्यात नवऱ्यावर आवाज चढवला नव्हता. तिने एक पाऊल पुढे टाकलं, त्यांच्या उजव्या कानापाशी तोंड नेलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली,

"बहिरे झालात म्हणून सांगितलं!"

समोरच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकायला लागलं. गल्लीच्या टोकाचा भाजीवाला थांबला. गच्चीवरून विजयमालाजींनी विचारलं, "भाभीजी, सब ठीक तो है?"

भगवानरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल," ते ओठांवर बोट ठेवून म्हणाले. "लोक ऐकतील."

पहिले कौशिकजी हसले, आणि हसल्याबद्दल त्यांनी स्वतःचेच कान पकडले. मग अक्षदा रडता रडता हसली. संकल्प कुणाकडेही न बघता बापाच्या जवळ गेला आणि काय करावं न सुचून त्याने त्यांच्या डगल्याचं वरचं बटण लावलं.

"सोड," भगवानराव म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज फोरमनचा होता. "मला ऐकू येत नाही. कबूल. तुम्हा दोघांचे मिळून चार कान शाबूत आहेत. सांगा, कोणता बंद आहे?"

दोघंही इंजिन ऐकू लागली. मनापासून, माना तिरक्या करून. कौशिकजींनी तोंड उघडलं, तसा भगवानरावांनी हात वर केला. "आप नहीं. आप तो कारीगर हैं."

"दुसरा?" संकल्प म्हणाला.

भगवानरावांनी त्याचे ओठ वाचले, आणि मग यमुनेचा चेहरा. तिथे उत्तर होतं.

"शून्य टक्के," अक्षदा म्हणाली.

त्यानंतर ते बराच वेळ यमुनेकडेच बघत राहिले. एरवी ते तिच्याकडे असे बघत नसत. बॉनेट उघडल्यावर जसं आधी काही न करता नुसतं बघतात, तसं बघणं होतं ते.

"कधीपासून माहीत होतं तुला?" त्यांनी विचारलं. हळू विचारलं, म्हणजे त्यांच्या मते हळू. अर्ध्या गल्लीने ऐकलं.

तिने या वेळी ओरडायची गरज ठेवली नाही. समोर उभी राहून, शब्द सुटा सुटा करत म्हणाली, "तुमच्या आधीपासून."

त्यांनी ते नीट वाचलं. मग खाली बघून हातांना लागलेलं डिझेल पुसायला लागले आणि हात कोरडे झाल्यावरही पुसत राहिले.

मधल्या वेळात बाकीच्यांनी कामं वाटून घेतली, कारण गप्प उभं राहणं कुणालाच जमेना. संकल्पने डोक्याच्या डॉक्टरला फोन लावून वेळ रद्द केली आणि कानाचा कोण आहे ते त्यालाच विचारलं. अक्षदाने ठणकावून सांगितलं की रस्त्यावर गाडी यापुढे ती चालवेल. बाबा शेजारी बसतील, आणि क्लासच्या वेळा गेल्या उडत. "तुला गिअर टाकता येतो का हिचा?" संकल्प म्हणाला. "मतलब, शिकेन ना," ती म्हणाली, "तू जा आपल्या अकराव्या मजल्यावर." सकाळी नऊला झालेली युती साडेदहाला अशी मोडली. कौशिकजींनी गाडीच्या मडगार्डवरून एकदा हात फिरवला आणि इंजेक्टर उतरवला की माझ्याकडे पाठवा, मशीनवर लावून देतो, असं सांगून स्कूटरला किक मारली.

"यमुना," भगवानराव म्हणाले.

त्यांनी सतराचा पाना तिच्या हातात दिला. ती बघतच राहिली. चौदा वर्षांत त्या पान्याला तिचा हात लागला होता तो फक्त पुसून ठेवायला.

"तू ऐक अन् तूच सैल कर. मी रेस धरतो," ते म्हणाले आणि गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या जागेवर, तिच्या जागेवर जाऊन बसले.

यमुनेने पदर कमरेला खोचला आणि वाकली. नट बसल्या जागी घट्ट होता. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. तिसरा सुटला, डिझेल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून नव्या स्वेटरवर ओघळलं, आणि इंजिन आधी चाललं होतं तसंच, तीन पायांवर, चालत राहिलं. तीच होती बरोबर. सांगायला तिने मान वर केली. समोर उघड्या बॉनेटचा पत्रा होता, डोक्यापेक्षा उंच, आणि पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"इथून तर काहीच दिसत नाही!" पत्र्यापलीकडून आवाज आला, मोठा, बहिऱ्या माणसाचा. क्षणभर थांबून पुन्हा आला, या वेळी जरा चक्रावलेला. "यमुना? इथून काहीच दिसत नाही गं."

"नाहीच दिसत," यमुना म्हणाली. तेवढं मात्र तिने ओरडून सांगितलं नाही.